कर्ज तिच्या नावावर, ॲटो त्याच्या नावावर

भंडाऱ्यात ८ मार्चचा एक कार्यक्रम होता. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की आता मुस्लिम भगिनीसुद्धा बुरख्याबाहेर येऊन गट करतात, कर्ज घेतात, आणि परतफेडीत तर त्या सगळ्यांच्या पुढे आहेत. टाळ्या पडल्या. सवयीने मीही वाजवल्या. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई मांडीवरच्या कापडी पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. पिशवीत तिच्या कर्जाचं कार्ड होतं आणि ते मला दाखवायलाच ती आली होती.

ती साड्यांना फॉल-पिको करते आणि उरलेल्या वेळात विड्या वळते. तीन वर्षांपूर्वी तिने एका फायनान्स कंपनीकडून गटात चाळीस हजारांचं कर्ज घेतलं. अर्जावर कारण लिहिलं होतं 'शिलाई व्यवसाय'. पैसे गेले नवऱ्याच्या जुन्या ॲटोत. पुढे ॲटोची दुरुस्ती निघाली तेव्हा दुसऱ्या कंपनीचं कर्ज निघालं, तेही तिच्याच नावावर. ॲटोचे कागद त्याच्या नावावर. वर्षभरापूर्वी तो ॲटो घेऊन निघून गेला. तलाक दिला की नाही, हे तिला नीट सांगता येत नाही. दिला असता तर निदान तारीख तरी असती. ती मला म्हणाली, "बाई, नाम मेरा, गाडी उसकी. वो गाडी लेके चला गया, नाम मेरे पास रह गया."

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. मी काम करत होते त्या संस्थेच्या वार्षिक अहवालात 'सक्षम झालेल्या महिला' असा एक रकाना होता. ज्या वर्षी तिला पहिलं कर्ज मिळालं, त्या वर्षी त्या रकान्यात तिला मी मोजलं होतं. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाने असं कसं केलं, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. रकाना होता, भरायचा होता. कर्ज मिळणं ही मोजता येणारी गोष्ट होती. ॲटो कुणाच्या नावावर आहे, हे विचारायला रकानाच नव्हता.

मैत्रिणींनो, हा लेख त्या रकान्याविरुद्ध आहे.

आपल्या जिल्ह्यात मुस्लिम लोकसंख्या थोडी आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्हा बारा लाखांचा, त्यात मुस्लिम दोन टक्क्यांच्या आसपास. त्यांतले बरेच भंडारा, तुमसर, पवनी, साकोली अशा गावांतल्या मोहल्ल्यांत राहतात. बचत गटांचं सरकारी जाळं मात्र मुख्यतः खेड्यांत विणलं गेलं. उमेद अभियान नावातच ग्रामीण आहे. शहरांसाठीचं अभियान २०१३ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये संपलं. म्हणजे धानाच्या बांधावरच्या कुणबी, तेली, बौद्ध, कोष्टी बाईपर्यंत गट पोचला, आणि तहसीलच्या गावातल्या मोहल्ल्यातल्या बाईच्या दारावरून पुढे निघून गेला. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण झालं असं.

बँकेचं वेगळंच. सच्चर समितीने २००६ सालीच लिहून ठेवलं की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग नकारात्मक क्षेत्र ठरवून टाकले होते, तिथे कर्ज सहजी द्यायचंच नाही. शाखेत गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्यांच्यात व्याज चालत नाही ना, म्हणून ते येत नाहीत." किती सोयीचं वाक्य आहे बघा. धर्माचा मान राखल्यासारखं दिसतं आणि दारही बंद राहतं. त्याच मोहल्ल्यात दर आठवड्याला, दर पंधरवड्याला चोवीस टक्के व्याजाची वसुली होते. ती या बँकवाल्यांना दिसत नाही का?

बँक गेली नाही तिथे कंपनी गेली. कंपनीचा मुलगा मोटारसायकलवर येतो, नम्र बोलतो, आधार कार्ड मागतो, पाच-सात बायका जमवायला सांगतो, आठवड्याभरात पैसे देतो. सातबारा मागत नाही, जामीनदार सरकारी नोकर मागत नाही. सगळ्यांनी हाकलल्यावर जो दारात येऊन बसतो तो माणूस वाईट कसा म्हणायचा? बाया त्याला वाईट म्हणतही नाहीत. मी गाऱ्हाणं मांडायला लागले की त्याच मला गप्प करतात, "बाई, अडचण में वोही काम आया."

हे खरं आहे. म्हणून 'कर्ज घेऊ नका' असं सांगणाऱ्यांतली मी नाही. आजारपण, मुलीचं लग्न, गळकं छत हे काही कुणाच्या उपदेशाने थांबत नाही. माझं भांडण कर्जाला सबलीकरण म्हणण्याशी आहे.

बचत गट आणि कंपनीचा गट या दोन गोष्टींना आपण एकच नाव देऊन मोठा घोळ करून ठेवला आहे. बचत गटात बाया आधी स्वतःचे पैसे साठवतात, आपसात कर्ज देतात, व्याज गटातच राहतं, कुणाला आधी द्यायचं यावरून भांडतात आणि त्या भांडणातून काही शिकतात. कंपनीच्या गटात बचत नाही. अशा कंपन्यांना ठेवी घेता येतच नाहीत. निर्णय नाही, पैशाची वही नाही. गटाचं काम एकच, एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी तिच्या दारात जाऊन बसायचं. म्हणजे वसुलीचा पगार न घेणाऱ्या कारकुनी. त्याला गट म्हणायचं?

एक हिशेब करू. चाळीस हजार, दोन वर्षं, दर महिन्याला हप्ता. चोवीस टक्के व्याजाने हप्ता येतो साधारण २,११५ रुपये आणि दोन वर्षांत व्याज जातं साधारण १०,७५० रुपये. सरकारी अभियानातल्या महिला गटाला तीन लाखांपर्यंत बँक सात टक्क्यांनी कर्ज देते. त्या दराने तेवढ्याच पैशांवर व्याज होतं साधारण २,९८० रुपये. मधले पावणेआठ हजार कशाचे? मोहल्ल्यात राहण्याचे, गट नसण्याचे आणि बँकेच्या दारातून परत पाठवलं जाण्याचे. विड्या वळून पावणेआठ हजार मिळवायला किती दिवस बसावं लागतं, हे या जिल्ह्यातल्या वाचकांना मी सांगायला नको.

पण व्याजाचा दर हा माझा मुख्य मुद्दा नाही. उद्या दर निम्मा केला तरी त्या बाईचा ॲटो परत येत नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये या कर्जांसाठी नियम केले. त्यात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलं तर ते सूक्ष्मकर्ज, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. वाचायला चांगलं वाटतं. पण नीट बघा. उत्पन्न मोजताना सगळं घर मोजलं, आणि सही घेताना एकट्या बाईची घेतली. नवऱ्याची कमाई धरून ती कर्जाला पात्र ठरते, आणि नवरा गेला की कमाई त्याच्याबरोबर जाते, कर्ज राहतं. घर मोडलं तर कर्जाचं काय होणार, याचा विचार त्या कुटुंबाच्या व्याख्येत नाही.

हे फक्त मुस्लिम घरात होतं का? अजिबात नाही. बौद्ध वस्तीतली, तेल्याच्या घरातली सोडलेली बाई मला हेच सांगते. अभ्यासकांना हे नवीनही नाही. बांगलादेशातल्या कर्जांवरचा १९९६ चा गोएत्झ आणि सेनगुप्ता यांचा अभ्यास हेच दाखवतो की बायकांच्या नावच्या कर्जाचा ताबा मोठ्या प्रमाणात घरातल्या पुरुषांकडे असतो. हैदराबादच्या वस्त्यांत बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. सूक्ष्मकर्जामुळे घरातल्या निर्णयांत बाईचा शब्द वाढल्याचं त्यांनाही आढळलं नाही. तरी आपल्याकडे भाषणं तीच.

मुस्लिम मोहल्ल्यात मात्र फास जास्त आवळतो. वस्ती लहान, दाट आणि नात्यांची. गटात कोण असतात? जेठानी, नणंद, सासूची बहीण, शेजारची चाची. माझ्या या बाईच्या गटाची प्रमुख तिची सख्खी जेठानी आहे. नवरा गेला तेव्हा ज्या घराने त्याची बाजू घेतली, त्याच घरातल्या बायका तिच्या हप्त्याच्या जामीनदार. त्या तिच्या माहेरच्या दारात येऊन बसल्या, आणि त्यांचंही काय चुकलं? हिने भरलं नाही तर त्यांना भरावं लागत होतं. कंपनीने एका कागदावर सगळ्या बायकांना एकमेकींवर सोडलं, आणि ज्याने ॲटो नेला त्याला कुणी फोनसुद्धा केला नाही. त्याचं नाव कागदावरच नव्हतं.

दुसरी गोष्ट अब्रूची. या कर्जाला तारण नसतं म्हणतात. असतं. परका पुरुष दारात उभा राहून मोठ्याने पैसे मागतो आहे, हे ज्या बाईला सगळ्यांत असह्य, तीच बाई सगळ्यांत नियमित हप्ता भरते. परतफेड सगळ्यांत चांगली, म्हणून टाळ्या वाजवल्या ना आपण? ती परतफेड कशातून होते ते मी पाहिलं आहे. कानातले विकून, मुलाची शिकवणी बंद करून, आणि लाडकी बहीण योजनेचे पंधराशे आले की त्याच आठवड्यात हप्त्यात घालून. पडदा सुटला म्हणून आपण आनंद करत होतो. कंपनी त्याच पडद्याच्या जोरावर वसुली करत होती.

नोटाबंदीनंतर, २०१६ च्या अखेरीला आणि २०१७ च्या सुरुवातीला, विदर्भात ठिकठिकाणी बायकांनी या कंपन्यांविरुद्ध मोर्चे काढले. कर्ज माफ होणार अशा अफवाही उठल्या, पुढाऱ्यांनी हात धुऊन घेतले, आणि नंतर थकबाकी बायकांच्याच नावावर राहिली. त्या वेळी आपल्या संघटनांपैकी किती जणी त्या मोर्च्यांत होत्या? आपण म्हणालो, हे राजकीय लोकांचं काम आहे. तेव्हा हात झटकले त्याची किंमत आता मोजतो आहोत.

जमातीकडे वळते. हे लिहिताना मला भीती वाटते, लपवत नाही. माझं नाव वाचून कुणी म्हणेल, ही कोण आमच्यात बोलणारी. आणि दुसऱ्या बाजूचे लोक माझं लिखाण उचलून मुस्लिमांना झोडपायला वापरतील. तरी बोलणं भाग आहे, कारण मी फॉल-पिकोवाल्या बाईच्या बाजूने बोलते आहे आणि तिला या दोन्ही बाजू काही देत नाहीत.

मोहल्ल्यातले जाणते पुरुष सांगतात, सूद हराम आहे, बायकांनी हे करू नये. बरं. मग त्या पैशाचा ॲटो कोण चालवत होतं? घरात रोज सायंकाळी त्या ॲटोच्या कमाईचं जेवण होतं तेव्हा हराम कुठे गेलं होतं? गुन्हा सहीचा आणि सही बाईची, हा न्याय कुठल्या किताबात आहे? मी काही आलिमा नाही. पण मला शिकवणाऱ्या एका वयस्कर आपांनी दाखवून दिलं की जकात कुणाला द्यावी याचे जे आठ प्रकार कुराणात सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. आणि कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्यावी, असंही तिथेच सांगितलं आहे. मग रमजानमध्ये मोहल्ल्यात जमणाऱ्या जकातीतून एखाद्या सोडून दिलेल्या बाईचे हप्ते फिटले, असं आपण कधी ऐकलं आहे का? मी विचारलं. एका जमातीच्या मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा दिला, आणि "सोचेंगे" म्हणाले. अजून विचार चालू असावा.

बिनव्याजी म्हणून जे विकलं जातं त्यालाही भुलू नये. बंगळूरच्या आयएमए या कंपनीने हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी गोळा केल्या आणि २०१९ मध्ये ती कोसळली. बायकांचे दागिने त्यात गेले. व्याजाला 'सर्व्हिस चार्ज' म्हटलं की ते पाक होतं असं समजणारेही आहेत. नाव बदलण्यात आपला समाज हुशार आहे, सगळ्याच धर्मांचा.

खरी गोष्ट अशी की बिनव्याजी बचत मोहल्ल्यातल्या बायांना कुणी शिकवण्याची गरजच नाही. त्यांची बीसी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दहा जणी, दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे. व्याज नाही, कागद नाही, आणि बहुतेक घरांत तो पैसा नवऱ्याला ठाऊकही नसतो. आपण समाजकार्यवाले तिथे जाऊन फळ्यावर 'बचतीचे महत्त्व' लिहितो. मीही लिहिलं आहे. बाया हसू दाबत बसल्या होत्या, ते आत्ता कळतं. गट करायचा तर या बीसीवर करावा. व्याज नको असेल तर नको, दरमहा सगळ्यांची सारखी वर्गणी ठेवावी, वही लिहावी आणि त्या वहीच्या जोरावर बँकेच्या दारात बसावं. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते खानावळवाल्या बायांना त्या होत्या तिथे जाऊन गाठून, आणि बँकेला त्यांच्यापर्यंत आणून. पन्नास वर्षं झाली त्याला. भंडाऱ्यातल्या बँकेला अजून मोहल्ला लांब का?

आता आपली पाळी. मुस्लिम बाईचा प्रश्न म्हटलं की आपल्याला तलाकच आठवतो. १९६६ मध्ये हमीद दलवाईंनी सात बायांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला तिथपासून शाहबानो, शायराबानो, २०१९ चा कायदा, ही सगळी लढाई मोलाची आहे. तिच्यामुळे तीनदा तलाक म्हणणं गुन्हा झालं. पण मला दिसतं ते असं की तोंडाने म्हणणं कमी झालं, निघून जाणं कमी झालं नाही. आणि निघून जाणारा आपल्यामागे काय ठेवून जातो, हे आपण विचारत नाही. मेहर किती ठरली होती, हे आपण प्रत्येक अर्जात लिहितो. कर्ज किती आहे, ते कुठल्याही अर्जात लिहीत नाही.

लिहायला हवं. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम बाईलाही सर्वसाधारण फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते. त्या अर्जात हप्ते खर्च म्हणून मांडा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायांना आहे आणि त्यात आर्थिक छळ ही हिंसा मानली आहे. त्याच कायद्याखाली नवऱ्याने मालमत्ता विकू नये असा आदेश मागता येतो. ॲटो ही मालमत्ता आहे. आम्ही या बाईच्या बाबतीत हा अर्ज केला आहे, कर्जाच्या दोन्ही कार्डांच्या प्रती जोडून. वकील ताई आधी म्हणाल्या, कर्जाचे कागद कशाला? मग वाचून त्याच म्हणाल्या, हे पहिल्या पानावर घ्या.

वसुलीबद्दलही नियम आहेत आणि ते कुणाला सांगितलेले नसतात. २०२२ च्या त्याच नियमांप्रमाणे सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करता येत नाही. वसुली ठरलेल्या जागी करायची, बाई लागोपाठ दोन वेळा तिथे आली नाही तरच घरी जायचं. शिवीगाळ, धमकी, नातेवाईकांना त्रास, काहीही चालत नाही. कार्ड तिला समजेल त्या भाषेत हवं. माझ्या बाईचं कार्ड इंग्रजीत होतं. ती उर्दू वाचते. तिच्या माहेरी रात्री साडेआठला माणूस आला होता. आम्ही लेखी तक्रार दिली तेव्हा रात्रीचं येणं थांबलं. हप्ते थांबले नाहीत. दुसरी एक वाट होती सावकारीच्या कायद्याची. राज्याचा २०१४ चा सावकारीविरोधी कायदा आहे, पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना तो लागत नाही. गल्लीतल्या सावकाराला लागतो.

आमच्या बैठकीत मी एक प्रस्ताव ठेवला आहे. आपण जिथे जिथे गट चालवतो, कर्जाची शिफारस करतो किंवा नुसती माहिती देतो, तिथे वहीत एक रकाना वाढवायचा. कर्जातून जी वस्तू आली ती कुणाच्या नावावर आहे? मशीन, गाडी, शेळी, टपरीची जागा, काहीही. बाईच्या नावावर नसेल तर नवऱ्याचीही सही कर्जावर हवी. आणि तोपर्यंत तिला 'सक्षम' या रकान्यात मोजायचं नाही.

दोन मैत्रिणींनी कडाडून विरोध केला. एक म्हणाली, नवऱ्याची सही मागितली की कर्जच त्याच्या हातात जाईल, आत्ता निदान बाईचं नाव तरी कागदावर येतं. दुसरी म्हणाली, अशी अट घातली तर बायका आपल्याकडे यायच्या थांबतील, थेट कंपनीकडे जातील. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मला पहिलीला अजून पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. बायांच्या नावाने वस्तू घ्यायचीच असं ठरलं तर ॲटोचा परवाना, आरटीओ, विमा, सगळीकडे तिला जावं लागेल, आणि सोबत आपल्याला. ते काम कंटाळवाणं आहे, त्याचा अहवाल चांगला दिसत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे. साकोली, पवनी, तुमसरच्या कार्यकर्त्यांनी येताना आपापल्या भागातली दहा-दहा कार्डं बघून यावं. फक्त तीन गोष्टी टिपून आणा: अर्जावर कारण काय लिहिलं, पैसे कशात गेले, वस्तू कुणाच्या नावावर. आणि बाई आज कुणाच्या घरात राहते, तेही.